मेचनिकॉव्ह आणि आतड्यातील शांतता

२०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जपानचे शिमोन साकागुची आणि अमेरिकेच्या मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांना विभागून मिळाले. शरीराच्या प्रतिकारसेनेला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींचा शोध हे या तिघांचे कार्य. या पेशी शरीरात सर्वत्र असतात, पण त्यांची खरी कसोटी लागते ती आतड्यात. माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात असा अंदाज आहे, आणि त्यातील बहुतेक सर्वांचा मुक्काम मोठ्या आतड्यात असतो. त्यांच्या आणि आपल्या ऊतींच्या मध्ये पेशींच्या अवघ्या एका थराची भिंत असते. या भिंतीला लागूनच प्रतिकार पेशींचा फार मोठा तळ आहे. एवढे परके जीव आणि एवढे सैन्य समोरासमोर उभे असताना तेथे रोज युद्ध का पेटत नाही?

आतड्यातील जीवाणू आणि शरीराचे रक्षक यांच्या नात्याकडे विज्ञानाचे लक्ष ज्यांनी प्रथम वेधले, त्यांत इल्या इलिच मेचनिकॉव्ह यांचे नाव अग्रभागी आहे. जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशींचे महत्त्व त्यांनीच जगाला पटवले आणि आतड्यातील जीवाणूंवर माणसाचे आरोग्य अवलंबून असते, हेही त्यांनीच आग्रहाने सांगितले. या दोन विचारांना जोडणारा दुवा मात्र त्यांच्या हाती लागला नाही. दह्याचा पुरस्कार करणारे शास्त्रज्ञ एवढीच त्यांची ओळख आज उरली आहे. त्यांचे आयुष्य त्याहून पुष्कळ मोठे आणि पुष्कळ वादळी होते.

मेचनिकॉव्ह यांचा जन्म १८४५ च्या मे महिन्यात, तेव्हा रशियन साम्राज्यात आणि आज युक्रेनमध्ये असलेल्या खारकीव शहराजवळच्या एका खेड्यात झाला. वडील सम्राटाच्या रक्षक दलातील अधिकारी व जमीनदार होते. आई एमिलिया ही ज्यू लेखक नेवाखोविच यांची कन्या. पाच भावंडांत इल्या सर्वांत धाकटे. लहानपणापासून त्यांना वनस्पती आणि प्राण्यांचे विलक्षण वेड. पुढे वैद्यक शिकण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली, तेव्हा आईनेच त्यांना परावृत्त केले. एवढ्या हळव्या मनाच्या मुलाला रोग्यांचे दुःख सोसवणार नाही, असे तिला वाटले. त्यामुळे वैद्यकाचा इतिहास बदलणाऱ्या या माणसाने वैद्यकाचे रीतसर शिक्षण कधी घेतलेच नाही.

खारकीव विद्यापीठातील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पुरा केला. त्यानंतर जर्मनीत आणि इटलीतील नेपल्स येथे त्यांनी समुद्रातील साध्या प्राण्यांचा अभ्यास केला. १८६५ साली जर्मनीतील गीसेन येथे एका चपट्या कृमीचे निरीक्षण करताना त्यांना दिसले, की त्याच्या पेशी अन्नाचे कण स्वतःच्या आत ओढून घेतात आणि तेथेच पचवतात. अमीबासारख्या एकपेशी जीवाची ही रीत अनेकपेशी प्राण्यातही टिकून होती. त्या वेळी या निरीक्षणाला कोणी फारसे महत्त्व दिले नाही. मेचनिकॉव्ह यांच्या मनात मात्र ते रुजले. त्यांच्या पुढच्या सगळ्या विचाराचे मूळ पचनाच्या या जुन्या रीतीत आहे.

वैयक्तिक आयुष्याने त्यांना लवकरच जमिनीवर आपटले. १८६९ साली त्यांनी ल्युडमिला हिच्याशी विवाह केला. तिला क्षयाने इतके पोखरले होते, की लग्नासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. पुढची चार वर्षे मेचनिकॉव्ह तिला घेऊन उबदार हवेच्या शोधात देशोदेशी फिरले. १८७३ च्या एप्रिलमध्ये मदीरा बेटावर तिचे निधन झाले. खचलेल्या मेचनिकॉव्ह यांनी जीव देण्यासाठी अफूचा अर्क घेतला. मात्रा प्रमाणाबाहेर झाल्याने तो उलटून पडला आणि ते वाचले. त्या मनःस्थितीतही दिव्याभोवती घोंगावणारे किडे पाहून, इतक्या अल्पायुषी जीवांना नैसर्गिक निवडीचा नियम कसा लागू होत असेल, असा प्रश्न त्यांना पडला आणि त्या प्रश्नाने त्यांना पुन्हा कामाकडे ओढून आणले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे.

ओडेसा विद्यापीठात ते प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या वरच्या मजल्यावर एक मोठे कुटुंब राहत असे. त्या घरातील ओल्गा या तरुण मुलीला ते प्राणिशास्त्र शिकवू लागले आणि १८७५ साली त्यांचा तिच्याशी विवाह झाला. ओल्गाने त्यांना अखेरपर्यंत साथ दिली व त्यांचे चरित्रही लिहिले. पण संकटे संपली नव्हती. १८८० साली ओल्गाला विषमज्वर झाला. प्रकृतीच्या तक्रारी आणि विद्यापीठातील तणाव यांनी मेचनिकॉव्ह पुन्हा निराशेच्या गर्तेत गेले. १८८१ साली त्यांनी पुनरावर्ती ज्वराच्या रोग्याचे रक्त स्वतःला टोचून घेतले. मृत्यू आलाच, तर तो निदान विज्ञानाच्या कामी यावा, हा त्यामागचा हेतू. ते अतिशय आजारी पडले, पण बरे झाले. त्याच वर्षी झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली. त्यानंतरच्या दडपशाहीत विद्यापीठातील वातावरण असह्य झाले आणि १८८२ साली त्यांनी राजीनामा दिला.

त्या वर्षाच्या अखेरीस ते पत्नी आणि तिच्या धाकट्या भावंडांसह सिसिलीतील मेसिना येथे समुद्रकाठी राहावयास गेले. एके दिवशी घरातील सगळी मंडळी सर्कस पाहण्यास गेली असता ते सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाची अळी पाहत बसले होते. ही अळी काचेसारखी पारदर्शक असते. तिच्या शरीरात फिरत्या पेशी पाहताना त्यांच्या मनात विचार आला, की अन्न गिळणाऱ्या या पेशी बाहेरून घुसलेल्या शत्रूलाही गिळत असल्या पाहिजेत. बागेतील गुलाबाचे काटे आणून त्यांनी ते अळ्यांच्या शरीरात टोचले. रात्र त्यांनी तळमळत काढली. पहाटे पाहिले तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडला होता.

या पेशींना त्यांनी ग्रीक भाषेतून फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी, हे नाव घेतले. पांढऱ्या पेशींच्या आत जंतू असलेले इतरांनीही पाहिले होते. पण या पेशींच्या मदतीने जंतूच शरीरभर पसरतात, असा तेव्हा समज होता. मेचनिकॉव्ह यांनी तो उलटा केला. १८८४ साली पाण्यातील डॅफ्निया या इवल्या प्राण्याला होणाऱ्या बुरशीच्या रोगाचा अभ्यास करून त्यांनी दाखवून दिले, की भक्षक पेशी बुरशीला गिळू शकल्या तर प्राणी जगतो आणि त्या कमी पडल्या तर मरतो. जखमेभोवतीची लाली, सूज आणि ताप यांना वैद्यक तोवर निव्वळ विकार मानत आले होते. मेचनिकॉव्ह यांनी दाहाकडे शरीराची संरक्षक कृती म्हणून पाहावयास शिकवले.

१८८६ साली ओडेसात जंतुशास्त्राचे केंद्र सुरू झाले आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. पॅरिसबाहेर रेबीजची लस देणाऱ्या पहिल्या केंद्रांत त्याची गणना होते. पण वैद्यकाची पदवी नसलेल्या संचालकाला स्थानिक डॉक्टरांचा कडवा विरोध झाला. अखेर लुई पाश्चर यांनी त्यांना आपल्या नव्या संस्थेत जागा देऊ केली आणि १८८८ साली मेचनिकॉव्ह पॅरिसला आले. उरलेली २८ वर्षे त्यांनी तेथेच काढली. याच दालनातून एक धागा थेट मुंबईला पोहोचतो. ओडेसातील त्यांचे विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन १८८९ साली त्यांच्या पाठोपाठ पॅरिसला आले, पाश्चर संस्थेत ग्रंथपाल झाले आणि १८९२ साली त्यांनी पटकीची लस तयार केली. प्लेगने मुंबईत थैमान घातले, तेव्हा याच हाफकिन यांनी येथे प्लेगची लस बनवून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला १९२५ पासून त्यांचेच नाव आहे.

पॅरिसमध्ये मेचनिकॉव्ह यांना दीर्घ वैचारिक लढाई लढावी लागली. १८९० साली बेरिंग आणि किटासाटो यांनी रक्तद्रवातील प्रतिविषांचा शोध लावला. तेव्हापासून प्रतिकारशक्ती रक्ताच्या द्रवात असते, पेशींत नव्हे, असा बर्लिनच्या पंडितांचा दावा होता. मेचनिकॉव्ह प्रत्येक आक्षेपाला नव्या प्रयोगाने उत्तर देत राहिले. गंमत अशी, की रक्तद्रवातील पूरक घटकांचा पायाभूत अभ्यास त्यांच्याच प्रयोगशाळेत जूल बोर्दे या त्यांच्या सहकाऱ्याने केला. पेशी आणि द्रव दोन्ही हातात हात घालून काम करतात, हे पुढे सर्वमान्य झाले. १९०८ सालचे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि द्रवपक्षाचे धुरीण पॉल एर्लिख यांना विभागून देण्यात आले, ते याच समेटाचे द्योतक होय.

आतड्याकडे त्यांचे लक्ष वळले ते पटकीमुळे. १८९२ साली फ्रान्समध्ये पटकीची साथ असताना त्यांनी पटकीचे जंतू स्वतः प्राशन केले. त्यांना काही झाले नाही. इतर स्वयंसेवकांनीही तेच केले. त्यांतील काहींना काहीच झाले नाही, पण एक जण मरता मरता वाचला. एकच जंतू एकाला मारतो आणि दुसऱ्याला शिवतही नाही, हे कसे? मेचनिकॉव्ह यांनी काचपात्रात पटकीच्या जंतूंबरोबर आतड्यातील इतर जीवाणू वाढवून पाहिले. काही जीवाणू पटकीच्या जंतूला वाढू देत, काही त्याला रोखून धरत. रोगाचा निकाल जंतू आणि शरीर या दोघांतच लागत नसून आतड्यातील तिसरा पक्षही त्यात सामील असतो, हे त्यांच्या ध्यानात आले. हा विचार काळाच्या शंभर वर्षे पुढचा होता.

मात्र येथून पुढे त्यांची वाट चुकली. वार्धक्य हा टाळता येण्याजोगा रोग आहे, असे त्यांचे मत बनले. मोठ्या आतड्यातील कुजवणारे जीवाणू विषे तयार करतात, ती रक्तात भिनून मेंदू आणि हृदयाच्या पेशी दुबळ्या करतात आणि मग भक्षक पेशी त्या दुबळ्या पेशींनाच खाऊ लागतात, अशी त्यांची उपपत्ती होती. मोठे आतडे हा माणसाला निरुपयोगी झालेला अवयव आहे, असेही ते मानत. कुजण्याला आंबणे हा उतारा, म्हणून दुधाचे दही करणारे जीवाणू पोटात सोडावेत, असे त्यांनी सुचवले. बल्गेरियातील शेतकरी दही खातात व दीर्घायुषी असतात, या वार्तेचा त्यांना आधार वाटला. त्या दह्यातील जीवाणू बल्गेरियाचेच स्टामेन ग्रिगोरोव यांनी १९०५ साली ओळखला होता. स्वतः मेचनिकॉव्ह रोज आंबवलेले दूध घेत आणि फळेसुद्धा उकडून खात.

या कल्पनेने युरोप व अमेरिकेत दह्याची आणि जीवाणूंच्या गोळ्यांची लाट आली. १९१९ साली बार्सिलोनात सुरू झालेला दानोनचा व्यवसाय आणि १९३५ साली जपानमध्ये बाजारात आलेले याकुल्ट यांच्या मागेही मेचनिकॉव्ह यांच्या विचारांची प्रेरणा आहे. लाटेची काळी बाजूही होती. लंडनचे नामवंत शल्यविशारद आर्बथनॉट लेन यांनी बद्धकोष्ठाच्या रोग्यांचे मोठे आतडे कापून काढण्याचा सपाटा लावला. पुढे १९२१ साली येल विद्यापीठातील लिओ रेटगर यांनी दाखवून दिले, की बल्गेरियाचा तो जीवाणू माणसाच्या आतड्यात वस्ती करूच शकत नाही. दह्याची कीर्ती उरली, पण तिच्यामागच्या उपपत्तीचा पाया ढासळला.

खरी उणीव आणखी खोल होती. मेचनिकॉव्ह यांच्या चित्रात सैनिक होते, शत्रू होते, पण सैनिकांना थांबवणारा कोणीच नव्हता. भक्षक पेशी शरीरालाच खाऊ लागतात, असे म्हणणाऱ्या शास्त्रज्ञाला त्यांना आवरणाऱ्या यंत्रणेची गरज जाणवावयास हवी होती. पारितोषिकातील त्यांचे भागीदार एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच असा तर्क मांडला होता, की शरीर स्वतःवर हल्ला करण्याचे टाळते आणि त्यासाठी त्याच्याकडे काही नियामक व्यवस्था असली पाहिजे. एकाच्या हाती पेशी होत्या, दुसऱ्याच्या हाती संयमाचा विचार होता. या दोहोंची गाठ पडण्यास बरीच दशके जावी लागली.

ती गाठ हळूहळू बसली. जन्मल्यानंतर तिसऱ्या दिवशी उंदराची थायमस ग्रंथी काढली, तर प्रतिकारशक्ती दुबळी होण्याऐवजी शरीरावरच उलटते, असे १९६९ साली जपानी संशोधकांना आढळले. याच कोड्याचा पाठपुरावा करीत साकागुची यांनी १९९५ साली नियामक टी पेशी ओळखल्या. २००१ साली ब्रन्को व रॅम्सडेल यांनी फॉक्स-पी-थ्री हे जनुक शोधले. हे जनुक बिघडलेल्या मुलग्यांना जन्मानंतर थोड्याच काळात न थांबणारे जुलाब, मधुमेह आणि इसब यांनी ग्रासले जाते, आणि उपचार न मिळाल्यास त्यांतील बहुतेक जण बालपणीच दगावतात. नियामक पेशी नसतील, तर पहिला आघात किती वेळा आतड्यावरच होतो, हे या अर्भकांनी दाखवून दिले.

आतड्यातील नियामक पेशींचा लगाम कोणाच्या हाती असतो, हे गेल्या दोन दशकांत उलगडले. लहान आतड्यातील विशिष्ट पेशी अन्नातील अ जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक आम्ल बनवतात. टीजीएफ-बीटा या संदेशद्रव्याच्या जोडीने हे आम्ल नवख्या टी पेशींना नियामक बनवते. म्हणूनच बहुतेकांचे शरीर रोजच्या अन्नाला शत्रू समजत नाही. पण दाह होऊन इंटरल्यूकिन-६ हे द्रव्य वाढले, की तोच टीजीएफ-बीटा त्याच टी पेशींना आक्रमक रूप देतो. मोठ्या आतड्यात सूत्रे जीवाणूंकडे असतात. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या मोठ्या आतड्यात या पेशी अगदी कमी असतात. क्लॉस्ट्रिडिया गटातील काही जीवाणू सोडले, की त्या वाढतात, हे केन्या होंडा यांच्या गटाने २०११ साली दाखवले. हे जीवाणू आपल्याला न पचणारे तंतुमय पदार्थ आंबवून ब्युटिरेट नावाचे मेदाम्ल तयार करतात आणि ते आम्ल टी पेशींतील फॉक्स-पी-थ्री जनुक चालू ठेवण्यास मदत करते, असे २०१३ साली सिद्ध झाले. यातील बराचसा पुरावा उंदरांवरील आहे. आतड्याच्या दाहावर त्यातून खात्रीचे औषध अद्याप निघालेले नाही.

या साखळीतील आणखी एक कडी मेचनिकॉव्ह यांना चकित करणारी ठरली असती. त्यांच्या लाडक्या भक्षक पेशी आतड्यात जंतू गिळतात, पण गाजावाजा करीत नाहीत. उलट इंटरल्यूकिन-१० हे द्रव्य सोडून त्या नियामक टी पेशींना कामावर टिकवून धरतात. सैनिकच तेथे शांततेचे पहारेकरी होतात. ज्या मोठ्या आतड्याला ते विषाचे आगर आणि निरुपयोगी अवयव समजत होते, तेथील आंबवणारे रहिवासीच या शांततेला रसद पुरवतात. आंबण्यात आरोग्य आहे, हा त्यांचा कयास खरा ठरला. फक्त ते आंबणे दह्याच्या वाटीतले नव्हते, भाजी-भाकरीतील कोंड्याचे आणि तंतूंचे होते.

मेचनिकॉव्ह यांचे अखेरचे दिवस उदास गेले. १९०९ साली यास्नाया पोल्याना येथे टॉलस्टॉय यांची भेट घेऊन विज्ञानाच्या सामर्थ्याचा हिरिरीने पुरस्कार करणारा हा माणूस पहिल्या महायुद्धाने हादरून गेला. संस्थेतील तरुण सहकारी रणांगणावर गेले आणि प्रयोगशाळा ओस पडल्या. हृदयविकार बळावत गेला. मृत्यू जवळ आल्यावरही त्यांनी आपल्या दुखण्याची निरीक्षणे मांडली आणि शवविच्छेदनाच्या वेळी आपले आतडे नीट तपासावे, असे एका सहकाऱ्याला सांगून ठेवले. १५ जुलै १९१६ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. ते तेव्हा ७१ वर्षांचे होते. शंभरीपार जाण्याची उमेद जगाला देणाऱ्या शास्त्रज्ञाला स्वतःला तेवढे आयुष्य लाभले नाही. त्यांचा रक्षाकलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवण्यात आला.

आज आतड्यातील जीवाणूंच्या नावाने पूड, गोळ्या आणि पेये यांचा मोठा बाजार भरला आहे. तेथे मेचनिकॉव्ह यांचे नाव अजूनही साक्षीला काढले जाते. त्यांच्या आयुष्यातून घेण्याजोगा धडा तेथील कोणत्याही बाटलीत मिळणार नाही. माणसाच्या शरीरात सुसंवाद आयता मिळत नाही, तो सतत घडवावा लागतो, हे त्यांनी जन्मभर सांगितले आणि ते खरे निघाले. दोनदा मृत्यूच्या दारातून परतलेल्या या माणसाला आयुष्यातही तो सुसंवाद पुन्हा पुन्हा घडवावा लागला होता. आतड्यातील शांतताही तशीच आहे. ती पेशी आणि जीवाणू मिळून रोज नव्याने करतात, आणि ताटात काय येते यावर त्या तहाचा एक भाग अवलंबून असतो.